स्वारगेटाहून सिंहगड : एका दिवसाचा बेत

पुण्यांत राहून सिंहगड पाहिला नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु आतकरवाडीच्या वाटेनें पायीं चढून, ऊन तापण्यापूर्वीं उतरून, घरीं वेळेवर जेवावयास आलेल्यांची संख्या तितकी मोठी नाहीं. याचें कारण गडाच्या उंचींत नसून बेताच्या अभावांत आहे. बेत म्हणजे केवळ शिदोरीची यादी नव्हे. दिवसाच्या तासांची वांटणी आदल्या रात्रीं ठरविणें म्हणजे बेत, आणि ही वांटणी परतीच्या वेळेपासून मागें मोजीत यावी लागते.

प्रस्थानास स्वारगेट हें ठिकाण सोयीचें आहे. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोहि तेथवर येऊं लागल्यामुळें पिंपरी-चिंचवडकडील मंडळींची सोय झाली आहे. मात्र पहाटे निघणारांनीं तिचें वेळापत्रक पाहून ठेवावें. येथें एस. टी.चें स्थानक वेगळें व शहरांतील बसगाड्यांचें स्थानक वेगळें. नवखा मनुष्य पुष्कळदां पहिल्यांत उभा राहून दुसऱ्यांतील गाडीची वाट पाहतो! सिंहगड पायथ्याची गाडी शहर-बसची आहे. तिच्यांत चढतांनाच परतीची शेवटची गाडी केव्हां सुटते, हें वाहकास विचारून घ्यावें.

खडकवासल्याचें धरण मागें पडल्यावर डोणजें गांव लागतें. तेथून पुढें मोटाररस्ता गोळेवाडीवरून घाटानें वर चढतो, आणि पायवाटेस जाणारे आतकरवाडीस उतरतात. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३१२ मीटर आहे. आतकरवाडीपासून वाट जेमतेम तीन किलोमीटरांची. पण तेवढ्यांत सुमारें ६०० मीटर, म्हणजे दोन हजार फूट, चढून जावें लागतें. ‘तीनच किलोमीटर’ या शब्दांनीं पुष्कळांची फसगत होते ती याचमुळें. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं यासाठीं एक साधें गणित घालून दिलें : सपाटीवरील दर तीन मैलांस एक तास धरावा, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास मिळवावा. या हिशेबानें आतकरवाडीची चढण दीड तासाच्या थोडी वर जाते. नेस्मिथचा हिशेब सराईत चालणाराचा होता. घरांतील मुलें व वडील मंडळी बरोबर असतील तर दोन-अडीच तास धरणें शहाणपणाचें. त्यांत विसावा आला, आणि वाटेंतील ताकवालीजवळ बसणेंहि आलें.

म्हणजे सकाळीं सातला चढावयास लागलेली मंडळी साडेनऊच्या आंत पुणें दरवाजांत पोंचतात. गडावर दोन तास मिळाले तरी पुरे. साडेअकरास उतरावयास लागलें तर एकच्या आंतबाहेर पायथा गांठतां येतो. उतार सोपा असतो हा समज खोटा आहे. चढ छातीस जाणवतो, उतार गुडघ्यांस; सुट्या मुरुमावर पाय घसरतो तोहि उतरतांनाच. एक बळकट काठी व तळव्याला खांचा असलेले बूट असले म्हणजे हा भाग निभावतो. दर माणशीं दोन लिटर पाणी घरूनच न्यावें. गडावरील देवटाक्याच्या पाण्याची कीर्ति मोठी असली तरी तिच्यावर विसंबून रिकाम्या बाटल्या नेऊं नयेत. दसऱ्यानंतरचे दिवस या पदयात्रेस उत्तम. पावसाळ्यांत वाट निसरडी होते, आणि माघानंतर ऊन व गवत दोन्हीं भय उत्पन्न करतात.

गवताचा विषय निघाला कीं या गडाचा इतिहास आठवल्यावांचून राहत नाहीं. १६७० सालीं माघ वद्य नवमीच्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनीं हा गड घेतला, तेव्हां वरील पागेच्या खणांना आग लावून राजगडास इशारत केली, असें सभासदाच्या बखरींत आहे. राजगड येथून सरळ रेषेनें पंधरा-सोळा किलोमीटरांवर, नैर्ऋत्येच्या अंगास आहे. हवा स्वच्छ असतां कल्याण दरवाजाच्या बाजूस उभें राहिल्यास तो ओळखूं येतो, आणि तेवढ्या अंतरावर ज्वाला कशी दिसली असेल याची कल्पना पुस्तकापेक्षां तेथें अधिक नीट येते. त्या आगीला एकच गोष्ट सांगतां आली : गड हातीं आला. तानाजी पडले हें वर्तमान मागाहून जासुदांनीं नेलें. गडावर जाऊन केवळ भजीं खाऊन परतणारांनीं निदान एवढी जागा तरी पाहून यावी.

आज त्याच डोंगरावर दिसणारी आग विजयाची नसून वणव्याची असते. अमेरिकेंत १९१० सालीं आयडाहो व मोंटाना या प्रांतांतील सुमारें तीस लाख एकर अरण्य जळालें, आणि त्यानंतर तेथें शिखराशिखरांवर पहाऱ्याचे मनोरे वाढत गेले. आपल्याकडे हें काम आतां बव्हंशीं आकाशांतून होतें : उपग्रहांना दिसलेल्या आगीची सूचना डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनखात्यास पाठविते. आग पसरूं नये म्हणून उन्हाळ्यापूर्वीं गवताचे पट्टे जाळून साफ करतात. त्यांस जाळरेषा म्हणतात. त्या दिसल्यास कोणी टवाळखोरानें डोंगर पेटविला असा तर्क करूं नये. परंतु पदयात्रिकानें स्वतः चूल पेटविणें किंवा विडीचें थोटूक टाकणें सर्वस्वीं वर्ज्य आहे. राखीव वनांत आग लावणें हा १९२७ च्या वन कायद्यान्वयें अपराधच आहे. शिवाय धुरानें कड्यांवरील आग्या मोहोळ उठलें तर पळावयास त्या अरुंद वाटेवर जागा नसते.

वणवा दिसल्यास एक नियम पक्का लक्षांत ठेवावा. आग उतारापेक्षां चढाकडे फार वेगानें धांवते, कारण तिची ऊब वरच्या गवतास आधींच वाळवून ठेविते. म्हणून चढतांना पायाखालच्या अंगास धूर दिसला तर वर पळून आगीला मागें टाकूं, असें मनांत आणूं नये. आडवें सरकून उघडा कातळ किंवा आधींच जळून गेलेली, निवालेली जमीन गांठावी, आणि ११२ क्रमांकावर खबर द्यावी. गडावर असतांना आतकरवाडीच्या अंगास धूर दिसला तर त्या वाटेनें उतरण्याचा बेत तेथेंच सोडावा. मग घाटाचा मोटाररस्ता मोकळा आहे कीं नाहीं याची चौकशी वनरक्षकांजवळ करून त्या बाजूनें गोळेवाडीकडे उतरावें. त्यासाठीं गाडीचे पैसे प्रत्येकाच्या खिशांत वेगळे असावेत, सर्वांचे एकाच पिशवींत नसावेत.