मुंबईत इफ्तार तेरा मिनिटं उशिरा

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची मुंबई बहुधा तीन ठिकाणी संपते: मंत्रालय, परळ आणि विमानतळ. अर्ज घेऊन गेलेला मंत्रालयातून परततो, रुग्णाला घेऊन गेलेला परळहून, आणि उमऱ्याला निघालेला थेट विमानात बसतो. माझ्या अम्मीची मुंबई परळची. अब्बांच्या उपचारासाठी ती तिथे तीन महिने राहिली. समुद्र तिथून तीन-चार किलोमीटरवर होता, पण तो पाहण्याचं तिच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही. अब्बांना आम्ही रुग्णवाहिकेतून घरी आणलं. त्यानंतर मुंबईचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "मला मुंबईला ने. अब्बा जिथून जहाजात बसले ती जागा बघायची आहे." अब्बा म्हणजे तिचे वडील, माझे नाना. संग्रामपूर तालुक्यातला हा शेतकरी 1967 साली हजला गेला होता. सगळं गाव निरोप द्यायला मलकापूर स्टेशनपर्यंत आलं होतं. अम्मी तेव्हा चौदा वर्षांची. पुढे मुंबईपर्यंत फक्त पुरुष गेले.

"रोजे संपल्यावर जाऊ," मी म्हणालो. ती म्हणाली, "आत्ता." तेव्हा आम्हीही मलकापूर गाठलं (बुलढाण्याला रेल्वे नाही, हे वाचकांना सांगायला नकोच) आणि रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. नाशिक मागे पडल्यावर डब्यातच सहेरी केली. पोळी, भाजी आणि थर्मासमधला चहा. समोरच्या बर्थवरच्या अकोल्याच्या काकूंनी आमच्यामुळे झोपमोड झाल्याची तक्रार केली आणि मग स्वतःच चहा मागितला.

क्रॉफर्ड मार्केटजवळ लॉजमध्ये खोली घेतली. रोजेदाराने मुंबई पाहायची असेल तर सकाळ झोपेला द्यावी. मार्चचं ऊन आपल्याकडच्यासारखं चटके देत नाही, पण घामाने अंग भिजतं आणि तहान दुपारी दोनलाच आठवते. अम्मी झोपली तेवढ्या वेळात मी सीएसएमटीसमोरच्या अंजुमन-ए-इस्लाममध्ये जाऊन आलो. ही संस्था 1874 सालची. तिथलं करीमी ग्रंथालय उर्दूच्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावं. मी उर्दू शिकवतो, म्हणून माझं मत थोडं बाजूला ठेवलं तरी चालेल.

जोहरची नमाज जामा मशिदीत पढलो. ही मशीद 1802 साली बांधून पूर्ण झाली आणि ती चक्क एका जुन्या तलावावर उभी आहे. आत गेलं की समोर हिरवट पाण्याचा हौद, त्याला झऱ्यांचं पाणी, त्यात मासे. बाहेर कापड आणि दागिन्यांच्या बाजाराची रेटारेटी आणि आत वजू करणाऱ्यांच्या हाताखालून सरकणारे मासे. इतर धर्मीयांनीही नमाजच्या वेळा सोडून, दारात विचारून ही जागा जरूर पाहावी.

दुपारी अम्मीला साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासमोर उभं केलं. गावोगावचे हाजी जहाजाची वाट पाहत इथे उतरायचे. मुघल लाइन कंपनीची जहाजं त्यांना मुंबईहून जिद्द्याला न्यायची. सागरी हजयात्रा 1995 मध्ये बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. नाना इथेच उतरले होते का, याचा पुरावा माझ्याकडे नाही. अम्मीने तो मागितलाही नाही. ती इमारतीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "त्यांनी सोबत भाकरी नेली होती. ज्वारीची, तीळ लावलेली. दोन पिशव्या."

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्चमध्ये गिरगाव चौपाटीवरून पाहिलं तर सूर्य मलबार हिलच्या आड जातो. तो समुद्रात बुडताना पाहायचा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला बसायला हवं. आम्ही तिथे कठड्यावर बसलो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, पाण्याच्या बाटल्या मांडल्या. आजूबाजूला दहा-बारा कुटुंबं तशीच बसलेली, आणि त्यांच्यामध्ये हातात हात घालून बसलेली कॉलेजची पोरं, ज्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.

तेवढ्यात घरून माझ्या मुलीचा फोन आला. "दादी, रोजा सोडला?" तिच्याकडे अजान झाली होती, ती भजी खात होती. अम्मीने खजूर उचलला. मी तिचा हात धरला. समोर सूर्य अजून पाण्याच्या वरच होता.

हिशोब साधा आहे. मुंबई आपल्यापासून साडेतीन अंशांच्या आसपास पश्चिमेला आहे आणि प्रत्येक अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मलकापूरला मावळलेला सूर्य मुंबईला मावळायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. सहेरीलाही तेवढीच मिनिटं जास्त मिळतात, त्यामुळे तिथल्या माणसाचा रोजा काही लांबत नाही. पण खिशात गावचं वेळापत्रक ठेवून मुंबईत इफ्तार करू नका.

ती तेरा मिनिटं अम्मीने सूर्यावरची नजर हलवली नाही. रोजा सोडल्यावर मगरिबची नमाज कुठे पढायची हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे किबला पश्चिमेला, म्हणजे इथे समोर समुद्रच. नमाजनंतर ती म्हणाली, "ह्याच बाजूने गेले अब्बा." गोदी शहराच्या पूर्व बाजूला आहे, जहाज तिकडून सुटून वळसा घालून आलं असणार, असं मी तिला समजावून सांगू लागलो. मास्तरकीची सवय. तिने ऐकलं नाही, ते बरंच झालं.

रात्री मोहम्मद अली रोड. मिनारा मशिदीच्या दिव्यांखालच्या या गर्दीबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून कामापुरतंच सांगतो. तरावीह सुटल्यावर, दहानंतर जा. नल्ली निहारी आणि खिचडा आधी, गोड नंतर. सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडची मातीच्या वाटीतली फिरनी मला मालपुव्याहून जास्त आवडली. इथल्या मालपुव्यात अंडं असतं, तेव्हा शाकाहारी मित्रांनी विचारून घ्यावं. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने आधी खाल्ला, मग विचारलं, आणि आता दरवर्षी रमजानच्या आधी मला त्याची आठवण करून देतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाजी अली. 1431 सालचा हा दर्गा समुद्रात आहे आणि सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या वाटेने तिथे जावं लागतं. भरतीला ही वाट पाण्याखाली जाते, तेव्हा वेळ आधी पाहून घ्या. 2012 च्या सुमारास इथे मजारीजवळ जायला स्त्रियांना बंदी झाली होती. झाकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाज न्यायालयात गेल्या. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली आणि त्याच नोव्हेंबरात स्त्रिया पुन्हा आत गेल्या. तेव्हा आमच्या गावातल्या काही मंडळींना हा निकाल पसंत नव्हता. मला होता. त्या दुपारी अम्मी आत गेली, दुवा मागितली, बाहेर आली. तिला कोणी अडवलं नाही. अशी बंदी कधी होती हे मी परतीच्या वाटेवर सांगितलं, तर ती मलाच म्हणाली, "खोटं बोलतोस, रोज्यात."

वाटेत पाणी अगदी पायाजवळ आलं होतं. अम्मी वाकली, बोटं बुडवली, ओठांपर्यंत नेली, आणि रोजा आठवला. बोटं ओढणीला पुसली. खारं पाणी आम्हाला नवं नाही. जिल्ह्यात लोणार आहे, आणि अम्मीचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

त्या दिवशीचा इफ्तार गिरगाव चौपाटीवर केला, लोकमान्यांच्या पुतळ्यापासून थोडं पुढे, वाळूत. खजूर खाऊन, पाणी पिऊन झाल्यावर अम्मी उठली आणि एकटीच पाण्यापर्यंत गेली. चाटून पाहिलं. परत येऊन म्हणाली, "आपल्या विहिरीपेक्षा खारं आहे." मग भेळ मागवली, तिखट कमी, कांदा जास्त.

घारापुरीची लेणी राहिली. गेटवेवरून लाँच सुटते, पण लेणी सोमवारी बंद असतात आणि आमचा तो दिवस नेमका सोमवार होता. अम्मीने मला आता रविवारचं तिकीट काढायला सांगितलं आहे.