नव्या टायरवरचे पहिले शंभर मैल

दोन वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली संध्याकाळ. उन्हाळा सरला, दुबईतला बाईकचा मोसम सुरू झाला, म्हणून अल कूझमधल्या एका गॅरेजात दोन्ही टायर नवे बसवून घेतले. बाहेर पडलो आणि तिसऱ्या मिनिटाला राउंडअबाउटवर आडवा झालो. वेग जेमतेम ताशी तीस. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आईला फोनवर सांगितलं, जिन्यावरून घसरलो. लाजेची गोष्ट अशी की माझी पीएचडी पॉलिमरमधली आहे, आणि रबर हा पॉलिमरच.

नवा टायर निसरडा असतो हे तुम्ही ऐकलं असेल. कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, साच्यातून टायर सुटावा म्हणून तेलकट द्रव्य लावतात, ते वर राहतं. हे पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आजकाल अनेक साच्यांना आतून न चिकटणारा पक्का लेप असतो, त्यामुळे असं द्रव्य फार लागत नाही. तरीही नवा टायर घसरतो, कारण साचा गुळगुळीत असतो आणि त्यातून निघालेल्या रबराची वरची कातडीही तशीच गुळगुळीत, चकचकीत असते.

दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो आणि टायरला बारीक भेगा पडतात. ते टाळायला रबरातच मेण मिसळलेलं असतं. हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं, आणि तो थर ओझोनला अडवतो. म्हणजे गोदामात पडून असलेला टायर स्वतःच स्वतःला मेण लावत बसलेला असतो! त्यात टायर रिमवर चढवताना कडेला लावलेलं साबणी वंगण कधी कधी वर सांडतं.

आता पकड म्हणजे काय ते बघा. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक, रबराचे रेणू डांबरातल्या खडीच्या रेणूंना क्षणभर चिकटतात. दोन, मऊ रबर खडीच्या उंचवट्यांवर दबतं आणि पूर्वपदावर यायला किंचित उशीर करतं. त्या उशिरात ऊर्जा खर्च होते आणि घसरण्याला विरोध होतो. पहिल्या प्रकाराला रबर आणि खडी यांचा थेट स्पर्श लागतो. मेणाचा अगदी पातळ थरही त्याला पुरेसा नडतो.

म्हणून टायर कंपन्या पहिले शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, सांभाळून चालवायला सांगतात. पण इथे आपली एक खास पंचाईत आहे. दुबई ते अबू धाबी साधारण १४० किलोमीटर. तुम्ही म्हणाल, एक फेरी मारली की काम झालं. पण शेख झायेद रोड जवळपास सरळ. तिथे टायरचा फक्त मधला पट्टा घासला जातो, दोन्ही कडा कोऱ्याच राहतात. मग शुक्रवारी पहाटे जेबेल जैसच्या वळणांवर किंवा अल ऐनजवळ जेबेल हफीतच्या घाटात बाईक झुकवली, की तुम्ही थेट त्या कोऱ्या कडेवर असता. ओडोमीटर म्हणतो टायर मुरला, कड म्हणते अजून नाही. शिवाय जुना टायर मध्ये चपटा झालेला असतो, नवा गोल. त्यामुळे नव्या टायरवर बाईक अपेक्षेपेक्षा पटकन झुकते.

मी आता काय करतो? आधी टायर ओल्या फडक्याने पुसतो. पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, त्याने रबर बिघडतं. मग शांत रस्त्यावर बाईक सरळ ठेवून हळूहळू वेग वाढवायचा, हळूहळू ब्रेक लावायचा. यात टायर पिळला जातो, तापतो. नागमोडी चालवून टायर गरम होतो हा समज आहे. तसं करताना पडायची सोय मात्र चांगली होते. नंतर वळणं, दर वेळी थोडं जास्त झुकून, आणि कडेला वाळू नाही ना हे बघून. कोरडी वाळू टायरखाली छऱ्यांसारखी फिरते, तिथे नवा-जुना टायर सारखाच.

कार वॉशवाल्या पोरांना आधीच बजावून ठेवा. ते प्रेमाने टायरला चमक आणणारं सिलिकॉन फासतात. गाडीच्या टायरच्या बाजूला ते ठीक, बाईकला नको. आपले टायर कडेपर्यंत रस्त्याला लागतात.

आणि हवा थंड टायरमध्येच तपासा. सकाळी २५ अंशांना ३६ पीएसआय भरली आणि चालवून आतली हवा ६० अंशांवर गेली, तर काटा जवळपास ४२ दाखवतो. घाबरून सहा पीएसआय सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ३१च्याही खाली भरेल.

डिलिव्हरीवाल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. टायर बदलला की पुढच्या मिनिटाला ऑर्डर घेऊन निघतात, १६० किलोमीटर जपून चालवायची सवड त्यांना कोण देणार? तुमच्या दारी एखादा मराठी मुलगा जेवण घेऊन आला, तर त्याला तेवढं कडांचं सांगा.

माझ्या मागच्या टायरवर अजून बोटभर कोरी कड शिल्लक आहे. मित्र हसतात. हसू देत.