मिशनची मुलांची शाळा: वर्गात कोण होते आणि दाराबाहेर कोण?

आपल्या समाजात एक वाक्य नेहमी ऐकू येते, की मिशनऱ्यांनी आपल्याला शिकवले. दुसऱ्या बाजूने तेवढ्याच जोरात सांगितले जाते की मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे फक्त धर्मांतराचे कारखाने होते. वर्धा-नागपूर भागापुरते बोलायचे तर ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. त्यासाठी नागपूरच्या स्कॉटिश मिशनच्या मुलांच्या शाळेचा इतिहास पाहावा लागतो, कारण आपल्या भागातील इंग्रजी शिक्षणाची सुरुवात तिथून झाली.

ही शाळा १८४६ साली निघाली. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हताच. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, मग पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले. म्हणजे आजचे वर्धा शहर त्या शाळेपेक्षा वयाने लहान आहे. पुढे वर्ध्यातही स्कॉटिश मिशनचे केंद्र उभे राहिले, पण त्याचे मूळ नागपुरातच.

शाळा काढणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात आले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले होते. हिस्लॉप त्या फ्री चर्चचे. नागपूर मिशन सुरू होण्यामागे एका लष्करी अधिकाऱ्याने दिलेली मोठी देणगी होती. हिस्लॉप आधी कामठीला राहिले, मराठी शिकले आणि पुढच्याच वर्षी नागपूर शहरात शाळा उघडली.

या माणसाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. धर्मप्रसारक म्हणून आलेला हा गृहस्थ दगडधोंड्यांच्या नादाने सगळा विदर्भ हिंडला. इथल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी लिहिले, हिरवट रंगाच्या एका खनिजाला त्यांच्यावरून हिस्लोपाइट नाव पडले. गोंड आणि इतर आदिवासींची भाषा, गीते, चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. मृत्यूही अशाच भटकंतीत आला. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात ते बुडाले. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी आपण रोज ओलांडतो, पण ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

आता शाळेकडे येऊ. मिशनच्या शाळांची एक ठरलेली घडी होती. बायबलचा तास सर्वांना सक्तीचा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा. गणित, भूगोल, इतिहास. जाहीर परीक्षा, तीही शहरातील गोरे अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळींसमोर. ही घडी अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली कलकत्त्यात घालून दिली होती, आणि मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ पासून तशीच शाळा चालवली. डफ यांचा विचार असा, की वरच्या जातींतील हुशार मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यायचे, त्यांची जुनी श्रद्धा आपोआप ढिली होईल, मग तेच लोक बाकीच्या समाजाला बदलतील. थोडक्यात, पाणी वर ओतायचे आणि ते खाली झिरपेल याची वाट पाहायची.

सरकारही वेगळे नव्हते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात स्पष्ट नोंदवले होते, की मिशनऱ्यांच्या अनुभवाने अगदी खालच्या जातींची मुले सर्वांत चांगली शिकतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपावे, नाहीतर शिक्षण त्यांच्यापुरतेच राहील आणि वरच्या जाती ते घेणार नाहीत. १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडताना बाबासाहेबांनी नेमके हेच टिपण पुढे ठेवले. मुले हुशार आहेत हे माहीत असूनही त्यांना मागे ठेवण्याचे हे धोरण होते. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, तो याच धोरणाचा परिणाम.

मिशनच्या शाळेत जात पाहून प्रवेश द्यायचा नाही, असे तत्त्व होते. तत्त्व चांगलेच. पण शाळा चालते मुलांवर, आणि मुले पाठवणारे पालक सवर्ण होते. एखाद्या विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याचे नाव काढले की वर्ग रिकामे होत. मुंबईत १८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याच्या धर्मांतरानंतर विल्सन यांच्या शाळेचे तेच झाले. नागपुरातही शाळा निघून दोन वर्षे होतात न होतात तोच बाबा पांडुरंग या विद्यार्थ्याच्या धर्मांतराचे प्रकरण भोसल्यांच्या दरबारापर्यंत गेले. असा धाक असलेली शाळा अस्पृश्य मुलांना हात धरून पुढच्या बाकावर बसवील, ही अपेक्षाच फोल होती.

याचा पुरावा आपल्याच नागपूरच्या जाईबाई चौधरींच्या आयुष्यात आहे. उमरेडकडच्या या महार स्त्रीने सामान वाहण्याची हमाली केली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंचे ओझे वाहताना त्या बाईंना तिची दया आली, त्यांनी तिला शिकवले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरीही दिली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात स्वतःची चोखामेळा कन्याशाळा काढली. उपकार आणि अपमान, दोन्ही एकाच दारातून आले. मिशनची बाजू घेणारे यातला पहिला भाग सांगतात, विरोधक दुसरा. जाईबाईंनी स्वतः काय केले हा तिसरा भाग मात्र दोघेही गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मिशनच्या शाळेचे खरे देणे कुठे दिसते? पुण्यात. १८४१ साली जोतीराव फुले तिथल्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत काढली म्हणून ते घडले. तिथेच सदाशिव बल्लाळ गोवंडे यांची मैत्री जुळली. १८४७ मध्ये शिक्षण संपले आणि १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याआधी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला तोही मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्राने. मात्र जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. बायबलच्या तासातून त्यांनी प्रश्न विचारायची सवय उचलली. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी वरून झिरपणाऱ्या शिक्षणावर कडक टीका केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले.

बाबासाहेबांनी हा हिशेब नंतर अधिक रोखठोक मांडला. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरील लिखाणात ते म्हणतात, की मिशनच्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा लाभ मुख्यतः वरच्या वर्गातील हिंदूंनी घेतला, गरीब ख्रिस्ती मात्र तसाच राहिला. ज्यांच्यासाठी मिशनरी आले असे म्हटले जाते, ते मागे राहिले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद नावाने ओळखले गेले. ही नावे बौद्ध परंपरेतली आहेत. मिलिंद तर प्रश्न विचारणारा राजा. १९६४ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले आणि आज वर्धा, हिंगणघाट, देवळीकडची कितीतरी मुले शिकायला नागपूरला जातात.

शेवटी पालकांच्या उपयोगाची बाब. मिशनने स्थापन केलेल्या अनेक शाळा-कॉलेजांना आज अल्पसंख्याक दर्जा आहे. संविधानाच्या कलम १५(५) मध्ये अशा संस्थांना आरक्षणाच्या तरतुदीतून वगळले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागाही त्यांना लागू होत नाहीत. त्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला असूनही आपल्या मुलाला अशा संस्थेत राखीव जागा मिळेलच असे नाही. बौद्धांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भावकीला त्या मिळत नाहीत. शिवाय १९९३ पासून बौद्ध हा केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समुदाय आहे. म्हणजे जो अल्पसंख्याक दर्जा मिशनच्या शाळांना आहे, तो बौद्ध संस्थाही मागू शकतात. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी शाळेचा दर्जा कार्यालयात लेखी विचारून घ्या.