काळसर लघवी आणि कासविंदा

घोड्यांच्या स्नायूंचा नाश करणारा कुरणजन्य आजार युरोपात मुख्यतः सिकॅमोर मेपल या झाडाच्या पंखधारी बिया आणि कोवळी रोपे चरल्याने होतो. त्यांतील हायपोग्लायसिन-ए हे द्रव्य, जे लिचीतही आढळते, चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची पेशींची वाट बंद करते आणि बहुतेक रोगी घोडे दगावतात. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, कोशाच्या विणकामासाठी परिचित असलेल्या आंधळगावच्या शिवारात मेपल नाही, घोडेही विरळच. तेथे गुराढोरांसाठी ध्यानात ठेवावी अशी वनस्पती म्हणजे कासविंदा.

पावसाळ्यात भाजीसाठी खुडल्या जाणाऱ्या तरोट्याचा हा भाऊबंद असला, तरी तरोट्याच्या पानाला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या व लांब, बारीक शेंग असते, तर कासविंद्याला टोकदार पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या, चपटी शेंग आणि पान चुरडताच येणारा उग्र दर्प असतो. या दर्पामुळे हिरवे झाड गुरे सहसा टाळतात. धोका असतो तो वाळून चाऱ्यात मिसळलेल्या शेंगांचा, कारण बियाच सर्वांत विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात याच बिया खाल्लेल्या लहान मुलांचे यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम निकामी झाल्याची नोंद आहे.

गुरांत आधी हगवण लागते, मग मागचे पाय लटपटतात आणि जनावर बसते. मात्र ते सावध असते, चाराही खाते, आणि नेमकी हीच गोष्ट मालकाला चकवते. फुटलेल्या स्नायूपेशींतील मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंना प्राणवायू पुरवणारे लालसर प्रथिन, मूत्रात उतरून लघवी काळसर तपकिरी होते. गोचिडांमुळे पसरणाऱ्या बॅबेसिओसिसमध्येही लघवीला असाच रंग येतो. परंतु रक्त काचनळीत गोठू दिल्यावर वर साचणारा द्रव तेथे लालसर दिसतो, तर स्नायूनाशात तो सहसा नितळ राहतो, कारण मायोग्लोबिनचा रेणू लहान असल्याने मूत्रपिंडातून झटकन निघून जातो.

अशा वेळी शेपूट पिरगाळून बैलाला उठवण्याची आणि चालवून पाहण्याची सवय घातक ठरते, कारण प्रत्येक पाऊल आणखी स्नायू फोडते. त्याला सावलीत तणसाच्या जाड गादीवर ठेवून दर काही तासांनी कूस बदलावी, संशयित चारा तत्काळ बंद करावा आणि पशुवैद्यकाकडून शिरेतून सलाइन द्यावे, म्हणजे मूत्रपिंडे तुंबत नाहीत. शरीरातील पाणी भरून येण्यापूर्वी दिलेली वेदनाशामके मूत्रपिंडांनाच इजा करू शकतात. मेपलच्या विषबाधेत घोड्याला ग्लुकोज देतात आणि तेल टाळतात. कासविंद्यावर उतारा नाही, त्यामुळे पशुवैद्यकासमोर गव्हाणीत उरलेला चारा शेंगांसकट ठेवणे औषधाइतकेच उपयोगी पडते.