पायाखालचा काळा पाषाण : मुळशीत कोळसा-लोखंड का नाही, आणि मुरूम विकण्याआधी काय विचार करायचा?

चांदे (ता. मुळशी) : विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम, मग मऊसर मांजऱ्या आणि शेवटी पहार उडवून लावणारा काळा पाषाण. चांदे-नांदे असो, पिरंगुट असो की पौड, क्रम बहुतेक ठिकाणी हाच. चंद्रपूरला कोळसा निघतो, गडचिरोलीला लोखंड निघतं, भंडाऱ्याला मँगनीज निघतं. मग आपल्याकडे नुसता दगडच का? आणि या दगडाला, मुरमाला खरी किंमत किती? आज आपल्या भागात जमिनीचे व्यवहार, प्लॉटिंग आणि पोकलेनची कामं जोरात आहेत. अशा वेळी आपल्या जमिनीखाली काय आहे, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवं.

हा दगड आला कुठून?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा हिमालय नव्हता. भारताचा भूभाग आशिया खंडाला चिकटलेलाही नव्हता, तो समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. त्या काळात पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एकच टोकदार ज्वालामुखी नव्हे, तर ओट्यावर उतू गेलेलं दूध पसरावं तसा हा पातळ लाव्हा दूरवर पसरला. हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्या पृथ्वीच्या पोटातल्या उष्ण जागेवरून तेव्हा आपला भूभाग जात होता, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

हे एकदाच झालं नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग काही काळाने त्यावर दुसरा यायचा. असे थरावर थर चढत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग या दगडाने झाकलेला आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यातच येतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात काही ठिकाणी या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत आहे. या दगडाला शास्त्रात बेसॉल्ट म्हणतात आणि या सगळ्या प्रदेशाला 'दख्खन ट्रॅप'. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. कोरीगड किंवा घनगडाकडे लांबून बघा. कडा, मग उतार, परत कडा, परत उतार, अशा पायऱ्या दिसतात. टणक दगडाचा कडा झाला आणि मऊ दगड झिजून उतार झाला.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे कधीकधी काळ्या दगडांच्या मध्येच तांबडा पट्टा दिसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात दगड झिजून माती झाली आणि वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती विटेसारखी भाजली. तो तांबडा पट्टा म्हणजे त्या मधल्या काळाची खूण.

याच सुमारास डायनासोर नष्ट झाले. मेक्सिकोजवळ पडलेली प्रचंड उल्का हे त्याचं मुख्य कारण मानतात. आपल्याकडच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचाही त्यात वाटा किती, यावर अजून शास्त्रज्ञांत वाद चालू आहे.

मग कोळसा, लोखंड आपल्याकडे का नाही?

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यासमोर आणा. कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरकडे. मँगनीज नागपूर-भंडाऱ्यात. लोखंड गडचिरोलीच्या सुरजागडला आणि इकडे तळकोकणात सिंधुदुर्गातल्या रेडीला. म्हणजे विदर्भाचा पूर्व भाग आणि कोकणाचं दक्षिण टोक. या दोन्ही ठिकाणी लाव्ह्याची चादर संपते किंवा विरळ होते आणि तिच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. ही खनिजं त्या जुन्या खडकांतली आहेत.

आपण या चादरीच्या जाड भागात आहोत. खालीही जुने खडक आहेतच. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. त्या भागातल्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी अलीकडे सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. आधी सगळा बेसॉल्ट लागला आणि तो संपल्यावर खाली ग्रॅनाईट जातीचा जुना खडक लागला. थोडक्यात, तळाशी काही असलं तरी वर एवढा दगड आहे की तिथपर्यंत खाण नेणं परवडणारं नाही.

पण बेसॉल्टने आपल्याला रिकाम्या हाताने ठेवलं नाही. देशावरची काळी जमीन हा दगड झिजूनच झाली. कोल्हापूर भागातल्या पठारांवरचं बॉक्साईट, ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात, तेही भरपूर पावसात हाच दगड कुजून तयार झालं. कार्ले, भाजे, वेरूळची लेणी आणि पुण्यातलं पाताळेश्वर याच दगडात कोरलेलं आहे.

विहीर खोदताना दगडाच्या पोकळीत कधी पांढरे, चमकणारे खडे सापडतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक तयार झाले. आपण सगळ्यालाच गारगोटी म्हणतो, पण त्यातले बरेच झिओलाईट जातीचे असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या वाघोलीच्या दगडखाणीत मिळालेला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे.

खरं खनिज : पाणी

आता मुद्द्याचं. टणक काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ साठत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि दगडाच्या फटींमध्ये. नदीकाठच्या वाळूसारखी यांची साठवण मोठी नसते. भूजलाच्या हिशेबात असा मुरूम-मांजऱ्या त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के पाणी देतो, असं धरतात.

हे कमी वाटतं? एक एकर जमीन घ्या. त्यात १० फूट जाडीचा मुरूम आहे आणि तो पावसाळ्यात पूर्ण भरला. २ टक्के धरले तरी त्यातून सुमारे २ लाख ४५ हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे १० हजार लिटरचे २४-२५ टँकर. तेही एका एकरातून, आणि दरवर्षी नव्याने.

आता तोच मुरूम विकला तर? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका एकरातला १० फूट मुरूम ४,३५६ ब्रास भरतो. पैसे येतील, पण एकदाच. टाकी मात्र कायमची गेली. पाऊस तेवढाच पडेल, पण उघड्या कातळावरून तो ओढ्याने निघून जाईल. मुळशीत पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर पाण्यासाठी पायपीट, याच्या मुळाशी हे एक मोठं कारण आहे. पाऊस कमी नाही, तो धरून ठेवणारा थर पातळ आहे. तोच आपण उचलून डंपरमध्ये भरला, तर खालच्या विहिरींना पाझर कुठून येणार?

आणखी एक गैरसमज. 'अजून दोनशे फूट मारा, पाणी लागेलच.' बेसॉल्टमध्ये खोल गेलं की पाणी वाढतं, असं नाही. खाली फट किंवा सच्छिद्र थर लागला तर पाणी, नाहीतर कोरडी धूळ. शेजारच्या बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्याला लागेलच, याचीही खात्री नाही.

उताराच्या जमिनीत धोका वेगळाच. मोठ्या पावसात मुरूम-मातीचा थर पाण्याने जड होतो आणि खालच्या टणक दगडावरून घसरू शकतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळून १५० हून अधिक माणसं गेली, ती अशाच अतिवृष्टीत. पायथा कापला की वरच्या थराचा आधार जातो, हे प्लॉटिंगवाल्यांनी आणि जमीन देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

कायदा काय सांगतो?

दगड, मुरूम, खडी, वाळू ही 'गौण खनिजं'. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने त्यांचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला. आपल्याकडे त्यासाठी २०१३ चे नियम आहेत. सातबारा तुमच्या नावावर असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे, जुन्या सनदेत वेगळं लिहिलेलं नसेल तर, खनिजावर हक्क सरकारचा. म्हणून उत्खननाला परवानगी आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी लागते. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाहन आणि यंत्रसामग्री जप्त होऊ शकते.

घराचा पाया खोदला, तर त्या मातीलाही रॉयल्टी? हा वाद पुण्यातूनच सुप्रीम कोर्टात गेला होता. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की मातीचा वापर कशासाठी झाला ते बघा. पायाची माती त्याच जागेत सपाटीकरणाला वापरली तर ती गौण खनिजात धरता येत नाही. मात्र ट्रक भरून बाहेर विकायला गेली तर गोष्ट वेगळी.

गावाने काय करावं?

– जमीन सपाट करून देतो, मुरूम मी नेतो, असं कोणी म्हणालं तर आधी परवानगी कोणाच्या नावावर आहे ते बघा. शासनाच्या नोंदीत जागा तुमची दिसते. दंडाची नोटीस दारात आली की पोकलेनवाला सापडत नाही.

– करार तोंडी नको. किती ब्रास, किती खोल, कधीपर्यंत, हे कागदावर घ्या.

– गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाचा मुरूम शक्यतो हलवूच नका. तीच तिची टाकी आहे.

– गाडीसोबत वाहतूक पास असतो. 'महाखनिज' या ऑनलाइन प्रणालीतून तो निघतो. शंका आली तर तलाठी किंवा पौडच्या तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

– बंद पडलेल्या खाणीला कुंपण करायला लावा. पाणी साठलेल्या खाणीत पोरं पोहायला उतरतात.

– डोंगरउतारावर समपातळी चर, ओढ्यावर छोटे बांध घाला. पाणी जितका वेळ थांबेल तितकं मुरमात मुरेल.

– बोअर किंवा विहिरीची जागा ठरवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. तिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

खडी लागणारच आहे. रस्ते, घरं, शाळा त्याशिवाय होत नाहीत. प्रश्न कुठून किती काढायची, एवढाच आहे. टणक कातळ रीतसर परवान्याच्या खाणीतून काढणं वेगळं आणि गावाच्या विहिरीवरचा मुरूम रातोरात उचलणं वेगळं. पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच विषय घ्या : आपल्या गावाची विहीर कोणत्या मुरमावर जगते, आणि तो आज जागेवर आहे का?