भिंतीआडची भैरवी

माळा आवरायला काढला की घरातलं जुनं आधी भंगारात जातं. गेल्या दिवाळीत मीही तेच करणार होते. भंगारवाला दारात उभा, हातात सासऱ्यांच्या गाण्याच्या तबकड्यांचं खोकं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे गं. त्यात केसरबाई हाय."

सासरे शिक्षक. हैदराबादला गेले की सासूबाईंना लाखेच्या बांगड्या आणि स्वतःला लाखेची तबकडी आणायचे. हो, लाखेचीच! ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाख आणि दगडाच्या भुकटीपासून करत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. हातातून पडली की बांगडीसारखी फुटायची.

त्याच दिवाळीत अमेरिकेतला भाचा देवणीला आला. येताना नव्या तबकड्यांची पेटी आणि त्या वाजवायचं यंत्र घेऊन आला. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली. तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिका. ५ सप्टेंबरला 'व्हॉयेजर-१' उडालं आणि १६ सप्टेंबरला त्या गेल्या. त्यांचा आवाज आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून लांब आहे! २०१७ साली 'ओझ्मा रेकॉर्ड्स'ने त्या संग्रहाच्या नव्या तबकड्या काढल्या. आणि आमच्या खोक्यात त्याच भैरवीची जुनी तबकडी निघाली.

मग काय, बचत गटाच्या बैठकीनंतर दोन्ही लावल्या. आधी नवी. अगदी स्वच्छ. तबल्याची बोटं वेगळी ऐकू येत होती. मग जुनी. पहिल्यांदा नुसती खरखर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. भाचा म्हणाला, "मामी, थांबा, सुई बदलतो. जुनीची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला घासते." सुई बदलली आणि खरखरीच्या पुढे येऊन आवाज उभा राहिला. भरीव, खणखणीत. गटातली एक म्हणाली, "नवीत बाई गाती, जुनीत बाई समोर बसलीय." दुसरीचं मत उलटं, "मला नवीच आवडली, डोकं नाही उठलं." दोघींचं खरंच होतं.

भाच्याने समजावलं, नवी तबकडी किती चांगली वाजेल हे ती कशावरून काढली यावर असतं. मूळ ध्वनिफीत हाती असेल तर नवी सरस ठरू शकते. झिजलेल्या तबकडीवरून काढली तर झीजही सोबत येते. खरखर फार पुसली तर आवाजाची धारही पुसली जाते. भांडं घासताना कल्हई निघावी तसं.

सासूबाई गप्पच होत्या. विचारलं, "आई, तुम्हाला कुठली बरी वाटली?"

"मला दोन्ही नव्याच," त्या म्हणाल्या. "मी हे गाणं भिंतीआडून ऐकलंय. मामंजी म्हणायचे, घरंदाज बायकांनी असलं ऐकू नाही. बैठकीत गाणं लागलं की मी चुलीपाशी. भाकरी थापायची थांबले की ऐकू यायचं, थापायला लागले की जायचं."

१९५८ साली त्या या घरात आल्या. चाळीस वर्षं मी त्यांना भैरवी गुणगुणताना ऐकतेय, मधेमधे तुटलेली. मला वाटायचं, विसरतात. त्या विसरत नव्हत्या. त्यांना ऐकूच तेवढं आलं होतं.

जुनी तबकडी आम्ही पुन्हा लावली, खुर्ची अगदी यंत्राजवळ ओढून. भाकऱ्या त्या दिवशी भाच्याने विकत आणल्या.

तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारात घालू नका. आडव्या न रचता उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. मऊ कोरड्या कापडाने पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते. आणि मुख्य म्हणजे, लावाल तेव्हा घरातल्या म्हातारीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा.