लोडरची प्लेट आणि अर्धा टायर

बेळगावात ज्यांच्या घरचं कुणी उद्यमबागेत कामाला आहे, त्यांना लेथ आणि वेल्डिंगची ओळख मी करून द्यायला नको. स्किड स्टिअर लोडर मात्र सगळ्यांनी पाहिलेला नसेल. बुटकं यंत्र, चार चाकं, पण वळणारं एकही नाही. दोन बाजूंची चाकं कमीजास्त वेगाने फिरवली की ते जागच्या जागी वळतं. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी याचं तीन चाकांचं पूर्वरूप बनवलं, तेही टर्की पक्ष्यांची शेड साफ करायला!

माझ्या आतेभावाने म्हशींच्या गोठ्यासाठी असाच एक जुना लोडर घेतला. म्हशी घसरू नयेत म्हणून कोब्यात खाचा पाडलेल्या होत्या, आणि बकेटच्या लोखंडी धारेने त्या झिजत चालल्या होत्या. गाभण म्हैस पाय फाकून पडली की तिला उठवणं काय असतं, ते गोठेवाल्यांनाच विचारा. उपाय जुनाच. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा अर्धा टायर कमानीसारखा पुढे लावायचा. रबर शेण ढकलतं, कोबा शाबूत राहतो. पण टायर लोडरला धरून ठेवणारी प्लेट हवी. ती आम्ही काकांच्या शेडमध्ये बनवली.

ही प्लेट साधारण ४५ इंच रुंद आणि दीड फूट उंच असते. वरच्या कडेला ओठ असतो, त्याच्याखाली लोडरच्या चौकटीची वरची कड जाते. खालच्या तिरक्या पट्टीला दोन खाचा. लोडरचे दोन दांडे खाली दाबले की पाचरीसारख्या पिना त्या खाचांत घुसतात आणि प्लेट चौकटीवर आवळून धरतात.

नेटवर मापं मिळतात, पण काकांनी मोबाइल खिशात ठेवायला लावला. "बकेट दारात पडलीय की रे, तिलाच विचार." बकेटच्या पाठीवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढला, कोनही तिथलाच घेतला. १० मिमी प्लेट वाकवायला मोठा प्रेस लागतो, म्हणून ओठ आणि पट्टी वेगळी कापून जोडली. टॅक मारून लोडरवर बसवून पाहिली आणि पूर्ण वेल्डिंग खाली टेबलावर केलं. मशीनवरच वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून जाण्याचा धोका असतो. रॉड कोरडे ७०१८. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलं तर प्लेट पापडासारखी वळते.

खरा वेळ खाचांनी खाल्ला. पाचर निमुळती असते. खाच मोठी झाली तर ती आवळतच नाही, आणि प्लेट दिवसभर खडखडत राहते. म्हणून खाचा मुद्दाम लहान ठेवून कानशीने हळूहळू वाढवल्या. तेवढ्यात आतेभाऊ तीनदा चहा पिऊन गेला.

ही प्लेट फक्त ढकलण्यासाठी आहे. तिच्यावर काटे लावून पेंढ्याचे गठ्ठे उचलायचा आतेभावाचा बेत होता. काकांनी साफ नकार दिला. ओझं माणसाच्या डोक्यावर न्यायचं असेल तर तयार, तपासलेली प्लेट आण, म्हणाले. थोडा वाद झाला, पण मला काकांचंच पटलं.

आता रोज सकाळी आतेभाऊ टायर जमिनीवर दाबतो, मग इंजिन बंद करून खाली वाकतो. दोन्ही पिना खाचांतून बाहेर आलेल्या दिसल्या, की मगच गड्यांना गोठ्यात यायला सांगतो.